कण्या आणि आतडी

दांडिया बाजारातील एखाद्या जुन्या वाड्यात जाऊन घरच्या वडीलधाऱ्या माणसाला विचारावे, की इंग्रज ज्याला ‘सॉसेज’ म्हणतो त्याला मराठीत काय म्हणावयाचे? थोडा वेळ विचार करून तो गृहस्थ बहुधा ‘सॉसेज’ हेच उत्तर देईल. मंडळींत कोणी गोव्याकडचे असेल तर ते ‘चोरीस’ हा शब्द सुचवतील. पण तोही मूळचा पोर्तुगीज. वास्तविक आतडे, कोथळा, वजडी, बोटी हे सारे शब्द मराठीत आहेत, आणि मांसाहारी घरांतून त्यांतले काही रोजच्या बोलण्यातलेही आहेत. मग आतड्याची नळी धुऊन, तीत काही भरून, दोन्ही टोके बांधून शिजवलेल्या पदार्थाला मात्र आपल्या भाषेत नाव नाही, हे कसे?

हा प्रश्न वरवर पाहता गमतीचा वाटेल. परंतु स्वयंपाकघराचा इतिहास पुष्कळदा अशा नसलेल्या शब्दांतूनच उलगडत जातो. म्हणून, श्रोतेहो, आज मी आपणांस प्रथम फार दूरच्या एका देशात नेणार आहे आणि तेथून परत बडोद्यास आणणार आहे. तो देश म्हणजे फिनलंड.

युरोपच्या अगदी उत्तरेकडील हा देश १८०९ पर्यंत स्वीडनच्या आणि पुढे १९१७ पर्यंत रशियाच्या ताब्यात होता. तेथील लोकांची भाषा आपल्या संस्कृत-मराठीच्या किंवा इंग्रजीच्या कुळातली नव्हे. तीत सॉसेजला ‘मक्करा’ म्हणतात आणि भरडलेल्या धान्याला, म्हणजे आपण ज्यांना कण्या म्हणतो त्यांना, ‘रूनी’ म्हणतात. या दोहोंच्या जोडीने झालेला ‘रूनीमक्करा’ हा फिनलंडच्या नैर्ऋत्य भागातील जुना पदार्थ. जवाच्या कण्या, डुकराचे मांस, चरबी आणि मसाला असे मिश्रण आतड्यात भरलेले असते. टांपेरे या गावाची ख्याती निराळ्या सॉसेजसाठी आहे. त्याचे नाव ‘मुस्तामक्करा’. ‘मुस्ता’ म्हणजे काळा. डुकराचे रक्त, मांस, भरडलेली राय आणि पीठ यांनी भरलेले हे काळेभोर आतडे भाजून, रानातल्या आंबट लाल बोरांसारख्या फळांच्या मुरंब्याबरोबर खातात. टांपेरेच्या टाम्मेला भागातील बाजारात आजही ते गरम विकले जाते, आणि गिऱ्हाईक वजन न सांगता ‘इतक्या पैशांचे द्या’ असे म्हणते. आपल्याकडे भेळेच्या गाडीवर मागावी तशी ही मागणी आहे.

हा पदार्थ करण्याची रीत पाहिली म्हणजे तीमागची अक्कल ध्यानात येते. कण्या कोरड्या भरल्या तर त्या आतड्यात फुगतात आणि आतडे फाटते. म्हणून त्या आधी अर्ध्याकच्च्या शिजवून घ्यावयाच्या, आणि तरीही नळी पुरती भरावयाची नाही. फुगण्यास जागा ठेवावयाची. पाणी खळखळ उकळू द्यावयाचे नाही. मंद आचेवर सॉसेज शिजत असता सुईने टोचून वाफ काढावयाची. शिजताना धान्यातील पीठूळ अंश मोकळा होतो आणि चरबी व रस यांना धरून ठेवतो. म्हणजे कण्या केवळ भर घालतात असे नाही. जे वितळून पाण्यात गेले असते ते त्या आपल्या पोटात साठवतात. आणि आतडे? तेही नुसते धुऊन भागत नाही. ते उलटे करून आतले बुळबुळीत अस्तर खरवडून काढावे लागते, मिठाच्या पाण्यात ठेवावे लागते, आणि मग उरते ती पातळ पण चिवट अशी पारदर्शक कातडी. या कामास किती हात आणि किती वेळ लागत असेल, ते ज्यांच्या घरी वजडी साफ करतात त्यांना सांगावयास नको. आपल्याकडे कढत पाणी आणि चुना लावून ती खरवडतात.

फिनलंडच्या शेतकऱ्याने ही उठाठेव का केली, याचे उत्तर त्याच्या हवामानात आहे. तेथील हिवाळा दीर्घ. तेवढे महिने पुरेल इतकी वैरण सर्व गुरांना मिळणे शक्य नसे. म्हणून सुगी आटोपली, की शरद ऋतूच्या अखेरीस ‘केक्री’ नावाच्या सणाच्या सुमारास जनावरे कापावयाची, आणि नाताळच्या तयारीला डुक्कर. एकाच आठवड्यात घरात मांस, रक्त, काळीज, चरबी यांचा पूर येई. मांस खारवून टिकवता येते. रक्त आणि आतडी लगोलग वापरावी लागतात. उत्तरेकडे पिकणारे धान्य म्हणजे मुख्यत्वे जव आणि राय. जव तर इतर कोणत्याही धान्यापेक्षा अधिक उत्तरेला तग धरतो. तेव्हा जे नासणार ते आणि जे घरात आहे ते एकत्र करून आतड्यात भरणे, हा गरजेतून निघालेला शहाणपणा होता.

आणि गरज किती भीषण होती, तेही सांगितले पाहिजे. १८६६ ते १८६८ या वर्षांत फिनलंडात जो दुष्काळ पडला, त्यात त्या देशाच्या लोकसंख्येपैकी सुमारे बारावा हिस्सा माणसे मृत्युमुखी पडली. लोकांनी पाइन वृक्षाची आतली साल वाळवून, दळून ती पिठात मिसळली आणि तिची भाकरी खाल्ली. आपल्या बडोदे संस्थानाने छप्पनचा दुष्काळ पाहिला आहे. विक्रम संवत् १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९००. १८९१ च्या खानेसुमारीत चोवीस लाखांवर असलेली संस्थानची लोकसंख्या १९०१ साली साडेएकोणीस लाखांवर आली होती. सालीची भाकरी खाणाऱ्या फिनलंडच्या शेतकऱ्याचे दुःख समजण्यास आपणांस फार कल्पनाशक्ती लागू नये. पण एक फरक आहे. आपल्या दुष्काळात जनावरे आधी मरतात, वैरणीवाचून आणि पाण्यावाचून, हाडांची काडे होऊन. त्यांच्या अंगावर चरबी उरत नाही, आणि घरात कण्याही उरत नाहीत.

धान्य भरलेली आतडी ही एकट्या फिनलंडची मिरास नव्हे. एस्टोनियात नाताळला जवाच्या कण्यांचे रक्ताचे सॉसेज करतात. पोलंडात त्यात काळा गहू किंवा जव घालतात. स्कॉटलंडात मेंढीच्या कोथळ्यात ओटचे भरड पीठ आणि काळीज-फुप्फुसे भरून ‘हॅगिस’ करतात. त्यावर रॉबर्ट बर्न्स याने १७८६ साली कविता लिहिली, आणि त्या एका कवितेने गरिबाच्या कोथळ्याला राष्ट्रीय पक्वान्नाचा मान मिळाला. दुसऱ्या बाजूस राजसत्तेचा आणि धर्मसत्तेचा या पदार्थावर रोषही होता. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट सहावा लिओ याने इसवी सनाच्या ९०० च्या आगेमागे आतड्यात रक्त भरून विकणाऱ्यांना शिक्षा सांगणारा कायदा केला. भीतीलाही कारण होते. जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग येथे युस्टिनुस केर्नर या वैद्याने १८२० आणि १८२२ साली सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेवर ग्रंथ लिहिले. ज्या विषाला वैद्यकात ‘बोट्युलिनम’ म्हणतात त्याचे नाव लॅटिनमधील ‘बोट्युलुस’ म्हणजे सॉसेज या शब्दावरूनच पडले आहे. हा केर्नर स्वतः कवीही होता. बर्न्सने हॅगिसवर कविता केली आणि या दुसऱ्या कवीने सॉसेजवर शवविच्छेदनाचे अहवाल लिहिले. असो.

आता बडोद्याकडे वळू.

सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत बडोद्याने जी अनेक कामे आरंभली, त्यांत गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे स्थान फार वरचे आहे. १९१६ साली राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’ने या मालेचा प्रारंभ झाला. पुढे १९२७ साली प्राच्यविद्या मंदिराची स्थापना झाली. याच मालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला ‘मानसोल्लास’ तीन भागांत प्रसिद्ध झाला. पहिला भाग १९२५ साली, दुसरा १९३९ साली आणि तिसरा १९६१ साली. पहिल्या आणि तिसऱ्या भागांच्या मधल्या काळात बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि मुंबई राज्याचेही दोन तुकडे पडून बडोदे गुजरातेत गेले. ग्रंथमाला मात्र चालू राहिली.

मानसोल्लासाचा कर्ता कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याला ‘भूलोकमल्ल’ म्हणत. त्याने ११२६ ते ११३८ या काळात राज्य केले. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या अगदी शिवेवरचे. शके १०५१ च्या सुमारास रचलेल्या या ग्रंथात शंभर अध्याय आहेत आणि राज्य कसे मिळवावे येथपासून हत्ती कसे पकडावे, मल्लांच्या कुस्त्या कशा लावाव्या, चित्रे कशी काढावी, येथपर्यंत सारे विषय आले आहेत. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो परिचित आहे तो त्यातील प्राचीन मराठी पद्यपंक्तींमुळे. पण आपणांस आज हवा आहे तो त्यातील ‘अन्नभोग’, म्हणजे राजाच्या जेवणाचे प्रकरण. ते दुसऱ्या भागात आहे.

हे प्रकरण वाचताना माणूस चकित होतो. मांडे, पुऱ्या, वडे, घारगे, इडलीची आणि डोशाची पूर्वजे, असे सारे ओळखीचे चेहरे भेटतात. त्यापुढे मांसाचा भाग सुरू होतो आणि तेथे सोमेश्वराची लेखणी जराही संकोचत नाही. डुकराच्या अंगावरचे केस काढण्यासाठी त्याला पांढऱ्या फडक्याने झाकून वरून कढत पाणी ओतावे, हे तो सांगतो. शेतातले पुष्ट उंदीर कसे शिजवावे, हेही सांगतो. मासे, खेकडे, कासवे आहेत. आणि या साऱ्यांत ‘मंडलीय’ नावाचा एक पदार्थ आहे: आतडी स्वच्छ करून, त्यांत मज्जा आणि मसाले भरून, ती निखाऱ्यावर भाजावयाची.

म्हणजे आतडे भरण्याची कला दख्खनात होती. तिला नावही होते. ते संस्कृतात होते, राजाच्या पाकशाळेत होते, आणि सुमारे नऊशे वर्षांपूर्वी होते. तेव्हा ज्या पदार्थास शब्द नाही तो पदार्थच आपल्याकडे नव्हता, हा निष्कर्ष येथे कोसळून पडतो. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. सोमेश्वराच्या आतड्यात मज्जा आहे, मसाला आहे, कण्या नाहीत. साहजिकच आहे. राजाला कण्या घालून मांस पुरवावयाचे नव्हते.

कण्या मानसोल्लासात नाहीत असे मात्र म्हणवत नाही. निदान कण्या ज्यातून निघतात ते कांडण आहे. गीतांचे प्रकार सांगताना सोमेश्वर म्हणतो, की महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओव्या गातात. मराठी ओवीचा हा फार जुना उल्लेख म्हणून आपले इतिहासकार त्याला मोलाचा मानतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एकाच ग्रंथात, एकाच राजाच्या हातून, मुसळाखालचे धान्य संगीताच्या प्रकरणात गेले आणि निखाऱ्यावरचे आतडे भोजनाच्या प्रकरणात गेले. फिनलंडच्या शेतकऱ्याच्या घरी ज्या दोन वस्तू एका टोपात भेटल्या, त्या आपल्याकडे एकमेकींना भेटल्याच नाहीत.

का भेटल्या नाहीत? पहिले उत्तर कोणीही देईल: आपला देश उष्ण. सकाळी कापलेले मांस संध्याकाळी वास मारू लागते. ज्या पदार्थात रक्त, चरबी आणि ओलसर धान्य एकत्र आहेत तो आपल्या हवेत टिकावयाचा नाही. हे उत्तर खोटे नाही. पण अपुरे आहे. मिसर देशाची हवा काही बडोद्यापेक्षा थंड नव्हे, आणि तेथे आतड्यात मसालेदार तांदूळ भरून केलेला ‘मुंबार’ घरोघर आवडीने खातात. तो टिकवावयाचा नसतोच. त्याच दिवशी संपवावयाचा असतो. तुर्कस्तानातही तो आहे. आणि आपल्याच देशाच्या उत्तर टोकाला, लडाखात, ‘ग्युमा’ नावाचे आतड्याचे सॉसेज करतात, त्यात रक्ताबरोबर पीठ घालतात. थंडीच्या मुलखात आहे, उष्णतेच्या मुलखातही आहे. मग आपल्याच नशिबी ते का नाही? हवामानाच्या माथी सारे मारून मोकळे होता येत नाही.

गोव्याचे उदाहरण याहून बोलके आहे. १५१० साली पोर्तुगीज गोव्यात आले आणि त्यांच्याबरोबर डुकराच्या मांसाचे सॉसेज आले. गोव्याच्या हवेत ते टिकावे म्हणून त्यात मिरची आली, माडाच्या ताडीचा शिरका आला, ऊन आणि धूर यांनी ते वाळवले जाऊ लागले आणि मण्यांच्या माळेसारख्या लडी बाजारात लोंबू लागल्या. हा फरक हवामानाने घडवला, हे उघड आहे. परंतु खुद्द पोर्तुगालात पिठाने आणि पावाने भरलेली सॉसेजेही आहेत. ‘फारिन्येइरा’ हे पिठाचे. ‘अल्येइरा’ हे पावाचे. १४९७ साली ज्या ज्यूंना बळजबरीने ख्रिस्ती करण्यात आले, त्यांनी डुक्कर न खाताही शेजाऱ्यांच्या घरांसारखी सॉसेजे आपल्या घरी टांगलेली दिसावी म्हणून पाव आणि कोंबडी भरून ही सॉसेजे केली, अशी तेथे परंपरेने चालत आलेली कथा आहे. ही धान्याची सॉसेजे गोव्यात रुजली नाहीत, मांसाची रुजली. आणि गोव्यात आल्यावर त्या मांसाला धान्य मिळाले ते कोठे? बाहेर. चोरीस पावात घालून खातात किंवा भातात शिजवून पुलाव करतात. एका सॉसेजने सारे कुटुंब जेवते, हे येथेही आहेच. पण धान्याने आतड्यात शिरण्याचे नाकारले.

येथे मला वाटते आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सापडते. मराठी माणसाचे धान्य बाहेर असते. ते ताटात असते. देशावरील शेतकऱ्याच्या घरी चार तुकड्यांच्या मटणाला टोपभर रस्सा असतो आणि त्या रश्श्यात भाकरी कुस्करून सारे घर पोटभर जेवते. मांस पुरवून खाण्याची युक्ती तीच, जी फिनलंडच्या गृहिणीची. फक्त तिने आतड्यात जे केले ते आपण ताटात केले. मराठवाड्यात येसर करतात. धान्ये आणि मसाले भाजून दळलेले हे पीठ आमटीला घट्टपणा आणते आणि पाहुणे वाढले तर आमटीही वाढवते. मुसलमानी स्वयंपाकात गहू आणि मांस एकत्र घोटून खिचडा होतो; तेथे आतड्याची जागा देगेने घेतली. आणि बडोद्यात ज्यांचे वास्तव्य फार जुने, गायकवाडांचे दिवाण रावजी आपाजी ज्या ज्ञातीचे, त्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरी खिम्याचे कानवले होतात. ते पाहिले म्हणजे मला सॉसेज उलटे केल्यासारखे वाटते. फिनलंडात मांसाच्या पिशवीत धान्य भरतात. प्रभूंच्या स्वयंपाकघरात गव्हाच्या पिशवीत मांस भरतात आणि कडेला सुबक मुरड घालतात.

पण हे अर्धेच उत्तर झाले. गव्हाची पारी कोणीही लाटू शकतो. आतडे कोण खरवडतो? हा उरलेल्या अर्ध्या भागाचा प्रश्न आहे, आणि तो जरा अवघड आहे.

गरिबाचे धान्य आपल्या परंपरेने कधी हलके मानले नाही. दुर्योधनाचे पंचपक्वान्न सोडून श्रीकृष्ण विदुराघरी कण्या जेवला, ही कथा कीर्तनांतून ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. कण्यांना देवाच्या ताटात जागा मिळाली. आतड्याला मिळाली नाही. राजाच्या पाकशाळेत ते ‘मंडलीय’ होऊन संस्कृत श्लोकात बसले, आणि गावात ते ज्यांच्या वाट्याला आले त्या माणसांना गावाने वेशीबाहेर ठेवले. मेलेले जनावर ओढण्याची सक्ती महारांवर होती, आणि त्या जनावरावर त्यांचा हक्क, असे त्या सक्तीला गोंडस नाव होते. त्या घरांतून रक्त, वजडी, काळीज, चरबी यांचे पदार्थ होत. जास्तीच्या मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ‘चान्या’ करून ठेवीत, म्हणजे पुढे धान्य संपले की त्या कामी येत. फिनलंडच्या शेतकऱ्याजवळ आतडीही होती आणि कण्याही होत्या. येथे आतडी ज्यांच्याकडे गेली त्यांच्याकडे बलुत्याचे धान्य पसाभर, आणि कोठारे ज्यांची भरलेली त्यांना आतड्याचा विटाळ. दोन वस्तू एका टोपात न भेटण्याचे कारण हवेत नव्हते. ते गावाच्या नकाशात होते.

या गोष्टीचा बडोद्याशी फार जवळचा संबंध आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर अमेरिकेत शिकावयास गेले. करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास परत आले, तेव्हा या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून त्यांनी एका पारशी पथिकाश्रमात मुक्काम केला आणि ते उघडकीस येताच काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तेथून घालवून दिले. कमाटी बागेत एका झाडाखाली बसून त्यांनी तो दिवस काढला. मानसोल्लासाचा पहिला भाग याच शहरातून बाहेर पडला तो त्यानंतर आठ वर्षांनी. नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाच्या ताटातील आतड्याची पाठभेदांसह नोंद करणारे शहर, आणि परदेशच्या विद्यापीठांतून शिकून आलेल्या एका विद्वानाला एक खोली न देणारे शहर, ही दोन्ही एकच होती.

दहा वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत, डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना मृत जनावरांचे मांस टाकून देण्यास सांगितले. त्या हाकेला ओ देऊन गावोगाव लोकांनी ते टाकले. पुढे १९४८ साली ‘अस्पृश्य मूळचे कोण’ या विषयावरील ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेचा उगमच या आहाराशी कसा जोडला गेला, याची मांडणी केली. येथे खाद्यपदार्थांच्या हौशी इतिहासकाराने जरा थांबले पाहिजे. एखादा जुना पदार्थ नाहीसा झाला की आपण हळहळतो. टांपेरेचा माणूस आपल्या काळ्या सॉसेजचा अभिमान धरतो, कारण ते खाण्यासाठी त्याच्या आजोबाला कोणी गावाबाहेर बसवले नव्हते. येथे त्या पदार्थांवर हळहळण्याचा अधिकार आपल्याला, पांढरपेशा वाचकांना, नाही. ज्यांनी ते सोडले त्यांनी उपाशीपोटी सोडले, आणि मानाने सोडले. सालीची भाकरी आणि रक्ताची नळी फिनलंडात स्वाभिमानाची खूण झाली. आपल्याकडे स्वाभिमानाची खूण ठरली ती ताट बाजूला सारणे.

तथापि सोडणे वेगळे आणि विसरणे वेगळे. सोमेश्वराचे आतडे विसरले गेले नाही, कारण त्याच्याजवळ लेखनिक होते आणि पुढे बडोद्याजवळ छापखाना होता. मराठीत छापील पाकपुस्तकांची परंपरा एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. त्यांतून श्रीखंडाचे आणि पुरणपोळीचे प्रकार विपुल आले, मटणाचेही आले. वेशीबाहेरच्या चुलीवर काय शिजत होते ते मात्र त्या पानांवर आले नाही. वजडी स्वच्छ करण्याची रीत आईने मुलीला दाखवली, तेवढीच ती राहिली. त्या मुलीने पुढे शहरात येऊन ती कोणास दाखवली नाही, आणि तिने तसे केले यात तिचा दोष नव्हता.

ही नोंद अखेर झाली ती २०१५ साली. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या नावाचे पुस्तक लिहिले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांची खाद्यसंस्कृती हा त्याचा विषय. त्यात रक्तापासून वजडीपर्यंत आणि चान्यांपर्यंत पदार्थांच्या कृती आहेत, आणि त्या पदार्थांभोवतीचे गाव, सण, उपासमार, चव आणि अपमान हे सारे आहे. ‘पूर्ण’ या शब्दामागे एक ‘अ’ लावून लेखकाने जेवणापूर्वी म्हणावयाच्या आपल्या नित्याच्या श्लोकाला केवढा प्रश्न विचारला आहे! मसाल्यांची यादी या पुस्तकात फार लांबत नाही. कारण ज्या घरांविषयी ते लिहिले आहे, त्या घरांत मसाल्यांची यादी लांबण्यासारखी नव्हतीच. कल्याणीच्या पाकशाळेपासून हा मराठवाडा फार दूर नाही. एका दिवसाच्या प्रवासाइतकाही नाही. तरी त्या मुलखातल्या या दुसऱ्या ताटाची नोंद व्हावयास पावणेनऊशेहून अधिक वर्षे लागली.

भूषण कोरगावकर यांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०२४ साली प्रसिद्ध झाला आहे. टांपेरेचा एखादा वाचक आता तो वाचू शकेल, आणि रक्त कसे साकळवावे, वजडी कशी धुवावी, या पानांवर त्याला अडखळावयास होणार नाही. त्याच्या आजीला ते ठाऊक होते.